कॅलेंडरच्या चौकोनातली एक ओळ

शेजाऱ्याचे हक्क आपल्या घरांत लहानपणापासून सांगितले जातात. हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्यांदा ताकीद करीत राहिले की, आता शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळतो की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. रस्सा करताना पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्याच्या घरी पोहोचवा, ही शिकवण तर आपल्या स्वयंपाकघरांत रोज पाळली जाते. या सगळ्यात शेजाऱ्याला काय द्यायचे याचा विचार असतो. शेजाऱ्याकडून काय शिकायचे, याविषयी मात्र आपण कमी बोलतो. आम्ही दोघी जावांनी आमच्या शेजारणीकडून जे शिकून घेतले, ते आज भगिनींपुढे ठेवत आहोत.

आमचे मूळ गाव खेड तालुक्यात. अंधेरी पूर्वेला मरोळच्या गावठाणाला लागून राहायला येऊन आम्हाला वीस वर्षे होत आली. घर जुने, बैठे. आमची आणि आंटीची भिंत एकच, आणि मागचा पॅसेज सामाईक. आंटी ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. नाव ऐकून माणसे बाहेरगावची वाटतात, पण ही मूळची इथलीच, मुंबई, साष्टी आणि वसईच्या गावांतली मराठी बोलणारी जमात. पोर्तुगीज काळात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. पुढे गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी कंपनी सरकारच्या नावावरून हे नाव घेतले. सीप्झच्या कुंपणाआड जे पडके चर्च आहे, ते १५७९ साली बांधलेले. १८४० च्या सुमारास साथ आली, तिथली वस्ती उठली आणि लोक मरोळला आले. "आम्ही साथीतून वाचून आलेली माणसं, लवकर हरत नाय," असे आंटी हसून म्हणतात.

आंटींची आणि आमची पहिली ओळख झाली ती एका सारख्याच दुखण्यावरून. बाजारात त्यांना कोणी विचारते, "ख्रिश्चन असून एवढं चांगलं मराठी?" आम्हाला विचारतात, "मुसलमान असून एवढं चांगलं मराठी?" एकदा भाजीवालीपाशी दोघींनाही पाठोपाठ हाच प्रश्न आला, आणि घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. तेव्हापासून आमच्या दोन घरांत ये-जा सुरू झाली.

आंटींचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मोठी मुलगी लग्न होऊन मालाडला. धाकटा मुलगा आता तीस वर्षांचा आहे, पण जन्मापासून विशेष. त्याला आंघोळ घालणे, भरवणे, कपडे चढवणे हे सगळे आंटीच करतात. आपली मुले मोठी होतात तसे आईचे हात मोकळे होत जातात. आंटींचे हात तीस वर्षांत मोकळे झालेले नाहीत. त्यांच्या तोंडच्या धीराच्या शब्दांना आमच्या घरात वजन आहे ते यामुळे.

आता खाण्यापिण्याविषयी, कारण आमच्या नातेवाईक स्त्रिया पहिला प्रश्न हाच विचारतात. एप्रिल-मे महिन्यात गावठाणातल्या गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात. ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा मसाला तेव्हा होतो. दोन-तीन प्रकारच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेसर, तिरफळ, शिवाय भाजलेले गहू आणि चणाडाळ, असे वीस-पंचवीस जिन्नस एकत्र कुटतात. प्रत्येक घराचे माप वेगळे. उजेड लागून रंग उतरू नये म्हणून हा मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून त्याला बाटलीचा मसाला म्हणतात. आंटींनी पहिल्याच वर्षी आमच्यासाठी मसाला भरला तो नव्या काचेच्या बरणीत, वर खाकी कागद गुंडाळून. त्यांच्या फुग्यांचे पीठ पूर्वापार ताडीवर फुगवतात. आमच्यासाठी त्या यीस्ट घालून वेगळे भिजवतात. नाताळच्या ताटातला आमचा केक रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुकांचा. कोंबडी करायची झाली तर आमच्याच मुलाला पैसे देऊन आमच्या कसायाकडून मागवतात. आम्ही यातले काही मागितले नव्हते. एकदा आभार मानले, तर त्या म्हणाल्या, "खाताना तुमच्या मनात शंका आली, तर माझं रांधणं फुकट गेलं ना, बाय." आम्हीही त्यांच्या शुक्रवारच्या उपवासाच्या दिवशी मटणाचा डबा पाठवत नाही. तांदळाच्या भाकरी पाठवतो. त्यांच्या हातभाकरीची आणि आमच्या भाकरीची चव तशीही बहिणी-बहिणीसारखी.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सासूबाईंना, अम्मींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकरा दिवसांनी त्यांना घरी आणले. घरात चार मुले, त्यातली एक दहावीला. धाकटी शिलाईची कामे घेते, थोरली सकाळी एका बालवाडीत जाते. पुरुषमाणसे सकाळी बाहेर पडली की रात्री परत. पहिल्या आठवड्यात भेटायला खूप लोक आले, फळे आणली, दुआ दिली. दुसऱ्या आठवड्यापासून दार वाजणे थांबले. रात्रीची पाळी कोणाची, दुपारचे कपडे कोण धुणार, यावरून आमच्यात शब्द वाढू लागले. नंतर शब्दही कमी झाले. एक दिवस पुरुषांमध्ये वेगळ्या चुलीचा विषय निघाला. ज्या घरात दोन जावा एकत्र नांदल्या आहेत, तिथे या बोलण्याचा अर्थ काय होतो, हे वाचक भगिनींना सांगायला नको.

आंटी आल्या त्या फळे घेऊन आल्या नाहीत. अम्मींच्या खाटेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "खाट खिडकीपाशी घ्या. माणसाला सकाळ झालेली दिसायला पाहिजे." मग त्यांनी जुनी सुती साडी आणवली, चौपदरी घडी करून अम्मींच्या कमरेखाली घातली, आणि घडीची दोन टोके धरून दोघींनी कूस कशी बदलायची ते दाखवले. एकटीने ओढण्यात कंबर मोडते आणि आजाऱ्याची कातडीही सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी ठेवा, भरवताना सरळ बसवा आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्या, हे सगळे डॉक्टरांनीही सांगितले होते. पण सांगितलेले आमच्या हातांत उतरवले आंटींनी. स्वतःच्या सासूचे त्यांनी चार वर्षे अंथरुणात केले होते.

आमच्या खऱ्या दुखण्यावरचा इलाज मात्र आम्हाला त्यांच्या घरात सापडला. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांचे चर्चमधून मिळालेले कॅलेंडर टांगलेले असते. त्याच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ. धाकटी साखर परत द्यायला गेली होती, तेव्हा तिने सहज वाचले. "पाणी दहा मिनिटं जास्त आलं." "लेकाने शर्टाचं एक बटण स्वतः लावलं." "बोंबील स्वस्त." "रिक्षावाल्याने सुट्टे पैसे मोजून दिले." तिला वाटले हिशेब असेल. आंटी म्हणाल्या, "हिशेबच आहे. रोजचा जमा-हिशेब."

मग त्यांनी सांगितले. मुलगा तीन वर्षांचा होऊनही उभा राहत नव्हता, तेव्हा एका डॉक्टरांकडून त्या घरी परतल्या आणि दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूने कॅलेंडरपाशी पेन्सिल बांधून ठेवली आणि सांगितले, आज डोळ्यांना जे बरे दिसले ते एक लिही, मग जेव. त्या दिवशी त्यांनी लिहिले होते, "अंगणातल्या चिकूला फूल." तेव्हापासून सत्तावीस वर्षे हा नेम आहे. जुनी कॅलेंडरे कपाटावर गुंडाळून ठेवली आहेत. नियम तीनच. त्या दिवशीचे असावे. डोळ्यांनी पाहिलेले असावे, इच्छा किंवा मागणे नको. आणि ओळीत "पण" हा शब्द नसावा. "ताप उतरला पण खोकला आहे" असे लिहायचे नाही. खोकला उद्याही दिसेल, तो लिहायला वेगळी जागा लागत नाही.

हे ऐकून थोरलीला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. कॉलेजात तिने 'स्मृतिचित्रे' वाचले होते. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्याही झाल्या. १९३४ पासून निघालेल्या या पुस्तकात त्यांनी संसाराची ओढाताण, बदलती बिऱ्हाडे, पतीचा भोळेपणा, लोकांची बोलणी असे सगळे सांगितले आहे, आणि पानोपानी हसू येते. शाळेत न गेलेल्या बाईने मराठीला असे पुस्तक दिले, याचे कारण थोरलीच्या मते एकच. घरातले लहानसे काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नव्हते. आंटींनी ते पुस्तक वाचलेले नाही. त्यांची कॅलेंडरे मात्र त्याच जातीची आहेत.

आम्ही त्याच रात्री मशिदीतून मिळालेल्या, चंद्राच्या तारखांच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधली. ठरवले की एक दिवस थोरली लिहील, एक दिवस धाकटी. सुरुवातीचे चार-सहा दिवस ओळी कोरड्या होत्या. "ताप नाही." "खिमट पूर्ण खाल्ले." "पाठीला जखम नाही." मग एका सकाळी फज्रनंतर थोरलीने वाचले, "रात्री भाभीने मला उठवले नाही, दोन्ही वेळा कूस तिनेच बदलली." दोन दिवसांनी धाकटीने वाचले, "परीक्षेच्या सकाळी पोरीची वेणी हिने घातली, माझ्या आधी उठून." पुढे, "अम्मींची नखे कापली, अम्मी डाव्या बाजूने हसल्या." हे कोणी कापली ते लिहिले नव्हते, पण आम्हा दोघींना माहीत होते.

एकमेकींचे काम आम्हाला आधी दिसत नव्हते असे नाही. पण दिसले ते बोलायला थकलेल्या माणसाकडे वेळ नसतो, आणि न बोललेले समोरच्याला कळत नाही. पेन्सिलीच्या एका ओळीला वेळ लागत नव्हता. वेगळ्या चुलीचा विषय कोणी जाहीरपणे मागे घेतला नाही. तो पुन्हा निघाला नाही, इतकेच.

त्या वर्षी आपला पहिला रोजा २ मार्चला होता आणि ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. तिथून ईस्टरपर्यंत त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. आंटींनी मांस-मच्छी सोडली आणि त्यांचा जीव की प्राण असलेला दुपारचा चहाही सोडला. आमच्या घरी सहरीला भांडी वाजली की पॅसेजमधला दिवा त्या लावून ठेवत. पण रमजानमधली त्यांची मोठी भेट वेगळीच होती. इफ्तारच्या वेळी अम्मींना एकटे सोडता येत नसे, म्हणून मगरिब आम्ही आळीपाळीने पढायचो. तिसऱ्या रोजापासून आंटी अजानच्या आधी येऊन अम्मींपाशी बसू लागल्या. "तुम्ही दोघी आत जा. वीस मिनिटं ही माझी." महिनाभर आम्ही दोघी जावा खांद्याला खांदा लावून मगरिबला उभ्या राहिलो. ज्या घरात दोन माणसे एकमेकींची नजर चुकवत होती, तिथे त्या वीस मिनिटांनी काय केले ते शब्दांत सांगता येणार नाही. १८ एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या दिवशी चर्चमधली प्रार्थना लांबते आणि आंटींचा लेक गर्दीत घाबरतो. दुपारभर तो आमच्याकडे होता, अम्मींच्या खाटेशेजारी बसून त्यांना मासिकातली चित्रे दाखवत होता. बऱ्याच वर्षांनी आंटींनी ती प्रार्थना शेवटपर्यंत बसून ऐकली.

आमच्या एका नातेवाईक बाईंनी विचारले, "शुक्र करायला आता ख्रिश्चन बाईकडून शिकायचं?" प्रश्नात कडवटपणा असला तरी प्रश्न खरा आहे. शुक्र आपल्याला कुरआनने शिकवला आहे. सूरह इब्राहीममध्ये शुक्र करणाऱ्याला अधिक देण्याचे अल्लाहचे वचन आहे, ते आम्ही जाणतो. आंटींनी आम्हाला दाखवली ती फक्त एक सवय, जिच्यामुळे ओठांवरचा शुक्र डोळ्यांत आला. अकीद्याचे अंतर त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. हजरत ईसा (अ.) आमच्यासाठी अल्लाहचे प्रेषित आहेत, त्यांची श्रद्धा वेगळी आहे, आणि यावर आमच्यात कधी वाद झाला नाही. प्रेषितांच्या (स.) काळात छळाने मक्का सोडलेल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, आसरा दिला होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी वाचून दाखवला तो सूरह मरियमचाच भाग.

रमजानमध्ये तीच सूरह अर्थासह वाचताना आम्ही एका जागी थांबलो. हजरत मरियम (अ.) प्रसूतीच्या कळांनी खजुरीच्या खोडापाशी येतात. एकट्या आहेत, लोकांच्या बोलण्याची भीती आहे. याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडून निघते. एवढ्या मोठ्या दर्जाची स्त्री, आणि तिचाही धीर सुटतो. त्या घटकेला अल्लाहकडून त्यांना आधी काय मिळते? दुःख न करण्याचा दिलासा, पायथ्याशी पाण्याचा झरा आणि खोड हलवले की पडणारे ताजे खजूर. खाणे, पिणे आणि डोळे निवणे, एवढीच गोष्ट आधी. लोकांना उत्तर कसे द्यायचे ते त्यानंतर सांगितले जाते. खचलेल्या आईला उभे करायचे तर सुरुवात घोटभर पाण्यापासून होते, हे आम्ही तिथे वाचले. आणि खोड हलवण्याचे काम त्यांनाच सांगितले गेले, हेही लक्षात राहिले. आंटींचे खिडकीपाशी खाट हलवणे, साडीची घडी, वीस मिनिटांची बैठक, हे सगळे आम्हाला त्या दिवसापासून वेगळ्या उजेडात दिसते.

ज्या भगिनींच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, विशेष मूल आहे किंवा नवे बाळंतपण आहे, त्यांना आम्ही एवढेच सुचवू. कॅलेंडरला पेन्सिल बांधा. घरातल्या दोघा-तिघांनी आळीपाळीने लिहा, म्हणजे एकाचे पाहिलेले दुसऱ्याला वाचायला मिळेल. ओळीत "पण" नको. मुलांनाही लिहू द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते. आणि आपल्या शेजारी असे घर असेल, तर फळांची पिशवी नेण्याआधी विचारा, "तुमची कोणती वीस मिनिटं मी सांभाळू?" प्रेषितांना (स.) हजरत आयेशा (रजि.) यांनी विचारले होते की, दोन शेजारी असतील तर भेट आधी कोणाला द्यावी. ज्याचे दार जवळ त्याला, असे उत्तर मिळाले. त्या उत्तरात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

अम्मी आता वॉकर धरून खिडकीपासून दारापर्यंत चार पावले टाकतात. उजवा हात अजून उठत नाही, बोलणे तुटक आहे. मे महिन्यात त्यांनी झटक्यानंतरचा पहिला स्पष्ट शब्द उच्चारला, "पानी." त्या दिवशी लिहिण्याची पाळी कोणाची होती यावर आमच्यात गोड भांडण झाले, आणि शेवटी त्या चौकोनात घरातल्या सगळ्यांनी मिळून तो एकच शब्द लिहिला. भिंतीपलीकडच्या कॅलेंडरवरही त्या तारखेला तोच शब्द आहे. अल्लाह आमच्या अम्मींना शिफा देवो, आंटींच्या हातांत बळ ठेवो, आणि प्रत्येक घरातल्या सेवा करणाऱ्या स्त्रीला रोज निदान एक तरी ओळ लिहिण्याजोगी दिसत राहो. आमीन.